दारातला माणूस

भूगावात एका नव्या सोसायटीच्या मागच्या भिंतीशी सलीम तांबोळी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात चावी घालून उभा होता, तेव्हा खिशातला फोन थरथरला. चावी म्हणजे छातीएवढ्या उंचीची लोखंडी दांडी. खालचं तोंड व्हॉल्व्हच्या चौकोनी डोक्यावर बसतं, वर आडवी मूठ असते. पाणी सोडून झालं होतं आणि त्या दांडीला कान लावून तो ऐकत होता. पाइपात अडकलेली हवा आधी खोकते, मग गुरगुरते, आणि सगळी निघून गेली की खाली एक सलग, जड आवाज उरतो. तो आला की झाकण लावायचं आणि पुढं निघायचं. घाई केली तर वरच्या मजल्यांवर नुसती हवा पोचते, मीटर मात्र पाणी आल्यासारखं फिरतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, सव्वीस वर्षांच्या नोकरीत ते आपोआप कानात जाऊन बसलं होतं. त्यानं फोन काढला. 'आपण दहा मिनिटांपासून एकाच ठिकाणी आहात. कारण नोंदवा.' खाली पाच पर्याय होते: चहापान, नैसर्गिक विधी, वाहन नादुरुस्त, ग्राहकाशी वाद, इतर. सलीमनं पाचही वाचले, चष्मा कपाळावर सारून पुन्हा वाचले. ऐकणं त्यात नव्हतं. उभं राहणं तर नव्हतंच. वरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालता घालता त्याच्याकडं बघत होती. त्याला एकदम आपली लाज वाटली, चोरी पकडल्यासारखी, आणि मग लक्षात आलं की ही लाज आजची नाही, गेले पंधरा दिवस ती आपल्याबरोबर राहतेय आणि आज फक्त तिनं तोंड वर काढलंय. त्यानं 'चहापान' दाबलं. फोन गप्प झाला.

पाणीपुरवठा मंडळाशी बोलणी झाली त्या दिवशीही त्यानं असंच, समोर होतं त्यातलं सोयीचं उत्तर दाबलं होतं. पुण्यात मंडळाच्या मुख्य कार्यालयात तिसऱ्या मजल्यावरची ती खोली त्याला आता घरातल्या खोलीपेक्षा जास्त स्पष्ट दिसायची. लांब टेबल, दोन्हीकडं खुर्च्या, प्रत्येकापुढं पाण्याची बाटली. आयुष्यभर लोकांना पाणी पाजणारी माणसं बाटलीतलं पाणी पीत बोलणी करतात, यावर कर्मचारी संघटनेच्या अध्यक्षांनी, हैबतरावांनी, पहिल्या बैठकीत विनोद केला होता आणि तिसऱ्या बैठकीतही तोच केला होता. मंडळाला पंपचालक, व्हॉल्व्हमन, मीटर वाचणारा, प्रयोगशाळेतला मदतनीस ही सगळी पदं मोडून एकच पद करायचं होतं, बहुपयोगी कर्मचारी. कुणालाही कुठलंही काम. संघटनेचं म्हणणं, कामं बदला, पण आमच्याशी बोलून बदला. म्हणून आज कोण काय करतं त्याचा तक्ता संघटनेनं करून द्यायचा ठरलं, आणि तक्ता म्हटल्यावर तो सलीमकडंच आला. तो शाखेचा सेक्रेटरी, त्याचं अक्षर मोत्यासारखं. आठ दिवस बायकोनं, मुनीरानं, वाढलेलं ताट बाजूला सारून त्यानं तो तक्ता आखला, लाल रेघा, निळी शाई, प्रत्येक काम, त्याला लागणारी मिनिटं, त्याला लागणारी माणसं. मंडळाच्या कार्मिक विभागाच्या स्नेहल मॅडमनी तो उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "तांबोळी, फार व्यवस्थित काम केलंय हं तुम्ही. आमच्याकडच्यांना दाखवायला पाहिजे." पंचावन्न वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा खुलला. आणि मग मॅडमनी बोट ठेवलं. "ही क्लोरीनची टाकी बदलायला दोन माणसं लिहिलीयेत. आत एक जण काम करतो. दुसरा काय करतो?"

मॅडमचा काही डाव नव्हता. हे सलीम स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायचा, कारण डाव असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती पोरगी खरंच विचारत होती. तिनं पेन उचलून धरलं होतं, उत्तर लिहून घ्यायला. सलीमनं तक्त्यातल्या त्या ओळीकडं पाहिलं. दुसरा काय करतो? दुसरा दारात उभा राहतो. उभा राहून नाव घेऊन हाक मारतो. हे त्या थंड खोलीत, त्या बाटल्यांपुढं, शिकलेल्या माणसांसमोर सांगायचं कसं? त्याच बैठकीत तासाभरापूर्वी रिकामा वेळ या विषयावर चर्चा झाली होती, आणि सलीमनंच छातीठोकपणे सांगितलं होतं की आमच्या शाखेत बसून पगार खाणारा एकही माणूस नाही. आता त्याच तोंडानं म्हणायचं की आमचा एक माणूस वीस मिनिटं दारात उभा राहून दुसऱ्याचं नाव घेतो? शिवाय पुढचा मुद्दा नळ तोडण्याचा होता आणि तो संघटनेला कुठल्याही परिस्थितीत जिंकायचा होता. पाणीपट्टी न भरणाऱ्यांचे नळ तोडणं हेही नव्या पदाच्या कामात घातलं होतं. आपल्याच गावात, आपल्याच भावकीचा नळ तोडायला कोण जाईल, आणि गेला तर परत घरी कुठल्या तोंडानं येईल? तो मुद्दा जिंकायचा तर आधी आपण समजूतदार आहोत हे दिसायला हवं. हे सगळं त्याच्या डोक्यातून एका श्वासात गेलं आणि तो म्हणाला, "काही नाही मॅडम. तो नुसता उभा असतो." मॅडमनी विचारलं, "मास्क वगैरे असतात ना सगळे?" तो म्हणाला, "असतात." पेन खाली आलं, दोनचा आकडा खोडला गेला आणि शेजारी एक लिहिला गेला. सलीमच्या सुबक तक्त्यातली तेवढीच एक खाडाखोड.

नळाचा मुद्दा त्यांनी जिंकला. कुणालाही स्वतःच्या गावात नळ तोडायला पाठवणार नाही, असं करारात आलं. करार झाला त्या दिवशी हैबतरावांनी सलीमला शाल घातली, नारळ दिला, आणि वाल्मीकनं गर्दीतून पुढं येऊन त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की शाल खांद्यावरून घसरली. हाच तो वाल्मीक, दारातला माणूस. किंवा आतला. कारण दोघं पाळीपाळीनं आत जायचे. पौडच्या पलीकडं नदीकाठी नळपाणी योजनेचं जलशुद्धीकरण केंद्र आहे, तिथं सव्वीस वर्षं दोघं एका पाळीत. वाल्मीक हिंजवडीजवळच्या माणचा. गावची शेतं कंपन्यांच्या काचांखाली गेली, वाल्मीकच्या बापानं उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या, त्यात आता हिंजवडीला जाणारी पोरं राहतात. घरी बसून खाता आलं असतं त्याला. "भाड्याव बसून खायाला मी काय माज्याच घरात पावना हाय का?" असं म्हणून तो रोज मोटारसायकल मारत केंद्रावर यायचा. करारात एकाच माणसाचं काम झालं हे कळल्यावर त्यानं सलीमकडं बघून मान हलवली होती. "जाऊ दे सल्या. तू तरी काय करनार? सायबांम्होरं कुनाचं चालतंय." त्या वाक्यानं सलीमला जे केलं ते शिव्यांनी केलं नसतं. त्यानं त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "व्हय." शाल त्यानं घरी आल्यावर कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली, ती मुनीरानं धुऊन पुन्हा त्याच्या कपड्यांवर आणून ठेवली.

आता उभं राहणं म्हणजे काय, ते ज्यानं क्लोरीनची खोली पाहिली त्यालाच कळेल. बुटकी, जाड भिंतींची, एकच दार असलेली खोली. आत माणसापेक्षा लांब, आडव्या ठेवलेल्या पिवळ्या टाक्या. रिकामी टाकी सोडवायची आणि भरलेली जोडायची, सांध्यात शिशाचा नवा वायसर घालायचा, पाना अर्धा आटा जास्त फिरवायचा नाही, अर्धा आटा कमीही नाही. अमोनियाचा बोळा सांध्यापाशी धरायचा. पांढरा धूर दिसला तर गळती, नाही दिसला तर सुटलो. आतल्यानं तोंडाला मास्क लावलेला, त्यामुळं त्याला बोलता येत नाही. म्हणून दारातल्यानं हाक मारायची, आणि आतल्यानं टाकीवर पाना दोनदा आपटायचा. टण टण. म्हणजे आहे मी. पुन्हा थोड्या वेळानं हाक, पुन्हा टण टण. कधी सुरू झालं कुणास ठाऊक. यांच्या आधीच्या माणसांनी यांना असंच दिलं आणि यांनी असंच चालवलं. भिंतीवर पूर्वी सुरक्षेची एक पाटी होती म्हणतात, ती एका रंगकामात चुन्याखाली गेली. टाकी दर तिसऱ्या शुक्रवारी बदलायची, साडेतीन वाजता. ही वेळ वाल्मीकनं ठरवलेली, कारण सलीम जुम्म्याची नमाज आटपून पौडच्या मशिदीतून तीनपर्यंत परत यायचा, आणि वाल्मीक तोवर वायसर, पाने, बोळा सगळं मांडून ठेवायचा. गंमत अशी की सलीमनं तक्त्यात तीच वेळ लिहिली आणि करारात ती तशीच राहिली. शुक्रवार, साडेतीन. माणूस गेला, त्याच्या नमाजेची वेळ राहिली. आणि नियम असा की स्वतःच्या गावात नळ तोडायला लावायचं नाही, म्हणून पौडच्या सलीमची बदली भूगावला. नियम त्यानंच मागून घेतलेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आज तो तिसरा शुक्रवार होता. नव्या तक्त्याप्रमाणे पहिलीच टाकी. फोनमध्ये पावणेबारा झाले होते. पाइपातला आवाज सलग आला, सलीमनं चावी उपसून काढली, झाकण सरकवलं आणि पुढच्या इमारतीकडं चालू लागला. मीटरचे आकडे फोनमध्ये भरता भरता त्याला नऊ वर्षांपूर्वीची ती दुपार आठवत राहिली. आठवत राहिली म्हणणं बरोबर नाही. ती नाकात यायची, तिखट, ओल्या पैशांसारखी. त्या दिवशी आत सलीम होता. वायसर बसवताना जुना सांधा सुटला आणि एक बारीक फुस्स झालं. मास्कचा पट्टा जीर्ण झालेला, वाकताना तो कानामागून सरकला. त्यानंतर डोळे मिटले ते उघडेनात, आतून कुणी मीठ चोळावं तसे. हा वायू खाली बसतो, म्हणून वाकायचं नाही, रांगायचं नाही, ताठ उभं राहून चालायचं, हे त्याला पाठ होतं. पण कुठं चालायचं? दहा-बारा पावलांची खोली ती, रोजच्या वहिवाटीची, आणि तिच्यात त्याला दार सापडेना. एका हातानं टाकी लागायची, दुसऱ्या हातानं भिंत, आणि भिंत संपतच नव्हती. आणि मग हाक आली. "सल्या, माज्याकडं ये. माज्याकडं ये, सल्या." ओरडून नाही, घाबरून नाही, गुरांना गोठ्याकडं वळवताना माणूस बोलतो तशी, एका सुरात, न थांबता. सलीम डोळे मिटून त्या आवाजाकडं चालत गेला. आवाज मोठा मोठा होत गेला आणि मग कुणीतरी त्याचा सदरा धरून त्याला उजेडात ओढलं. बाहेर त्याचं डोकं नळाखाली धरून वाल्मीक म्हणाला होता, "आता बिडी वडू नगंस आठ दिस." एवढंच. पुढं त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. बोलण्यासारखं काय होतं? तो दारात होता, हा आत होता.

आणि हे सगळं त्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर, मॅडमनी विचारलं तेव्हा आपल्याला कसं आठवलं नाही? सलीमला याचीच भीती वाटायची. लपवलं असतं तर ते पाप म्हणून तरी कळलं असतं. त्यानं लपवलं नव्हतं. त्याला खरोखरच वाटलं होतं की हाका मारल्या तरी तो नुसता उभाच असतो. जिवावरचं संकट टळलं ते एका माणसानं दारात उभं राहून नाव घेतल्यानं, आणि तरीही कामांची यादी करताना ते त्याला काम वाटलं नाही, कारण त्यात काही उचलायचं नव्हतं, फिरवायचं नव्हतं, भरायचं नव्हतं. जन्मभर संघटनेत त्यानं भाषणं केली होती की साहेब लोकांना आमचं काम दिसत नाही. त्याला स्वतःलाच दिसलं नव्हतं. तो जिन्यात थांबला. वरून येणाऱ्या एका मुलीनं कानातली गाण्याची यंत्रं न काढताच त्याला वाट दे अशी खूण केली, तेव्हा तो भिंतीला चिकटला.

त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक पत्र होतं. करारात हरकतीला पंधरा दिवस होते आणि ते आज संध्याकाळी साडेपाचला संपत होते. हरकत लेखी हवी आणि ज्याच्या कामावर परिणाम होतो त्याची सही हवी. फोटो काढून पाठवला तरी चालेल, असं मॅडमनीच सांगितलं होतं. पत्र त्यानं चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हींत खरं लिहिलं आणि फाडलं. मुनीरा दारात तांदूळ निवडत बसली होती, ती म्हणाली, "आवो, एवढं काय लिवताय, कुनाचा निकाहनामा हाय का?" तो लिहीत राहिला. मग ती हलकेच म्हणाली, "वाल्मीकभावजींचं हाय व्हय?" तिला काही सांगितलेलं नव्हतं, तरी बायकोला कळतं ते कळतं. चौथ्या पत्रात त्यानं लिहिलं, 'क्लोरीन कक्षाच्या दारात दुसऱ्या कर्मचाऱ्याने उभे राहून आतल्या कर्मचाऱ्यास हाक देणे, हे काम तक्त्यात नजरचुकीने नमूद करावयाचे राहून गेले.' नजरचुकीनं. फार सोयीचा शब्द. कुणाच्याच अंगाला लागत नाही. हे असं पाठवलं तर मॅडमना आठवेलही की तांबोळी काय म्हणाले होते, पण त्या भल्या आहेत, बोलायच्या नाहीत. वाल्मीकला कधी कळायचं नाही. सही तो न वाचताच करील. दुसरा माणूस परत मिळेल. सगळं व्यवस्थित, त्याच्या अक्षरासारखं.

मशिदीत तो आज गेलाच नाही. दोनच्या सुमारास त्यानं चावी सोसायटीच्या वॉचमनकडं ठेवली, स्कूटर काढली आणि पौडच्या रस्त्याला लागला. पिरंगुटच्या अलीकडं फोन थरथरला. 'आपण नेमून दिलेल्या क्षेत्राबाहेर आहात.' त्यानं तो डिक्कीत टाकला. तिथंही तो वाजत राहिला, सीटखालून, मांडीला जाणवेल असा. पुढं सिमेंटच्या गाड्या, कंपन्यांच्या बसगाड्या, रस्त्याच्या कडेला प्लॉटच्या पाट्या, पाट्यांवर हसणारी गोरी कुटुंबं. एका पाटीखाली म्हशी बसल्या होत्या. घाट उतरताना त्याला वाटलं, आपण उशीर करतोय, मुद्दाम हळू चालवतोय. साडेतीन होऊन गेले असतील तर? वाल्मीक एकटा आत जाऊन बाहेर आलेला असेल, सगळं सुखरूप, आणि मग पत्र कशाला, बोलणं कशाला. या विचारानं त्याला क्षणभर हलकं वाटलं, आणि पाठोपाठ एवढी शिसारी आली की त्यानं वेग वाढवला.

केंद्रावर पोचला तेव्हा तीन वीस झाले होते. आवारात कुणी नव्हतं, पंपांचा एकसारखा घरघराट चालू होता. क्लोरीनच्या खोलीबाहेर पोत्यावर वायसर, दोन पाने, अमोनियाची बाटली मांडून वाल्मीक उकिडवा बसला होता. सलीमला पाहून त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो सलीमला बघवेना.

"आरं तिच्या," वाल्मीक म्हणाला. "तुजी ड्यूटी तर भूगावला हाय."

"टाकी हाय म्हनून आलो."

"म्हनून येवढ्या लांब? फोन बोंबलंल तुजा."

"बोंबलू दे."

वाल्मीक हसला, आणि मग त्यानं अंगठ्यानं खोलीकडं खूण केली. "बग, कसं केलंय त्ये." दाराच्या कडीला एक दोरी बांधलेली होती. जुनी, कातलेली, मधे मधे गुळगुळीत झालेली. ती आत अंधारात जाऊन भरलेल्या टाकीच्या कड्याला बांधली होती, कमरेच्या उंचीवर, ताणून. "आमच्या बैलाचा कासरा हाय. बैल इकलं, त्याला वर्सं झाली, ह्यो माळ्याव पडून व्हता. डोळं गेलं तर हात धरून भाईर यायाचं. तीनदा डोळं मिटून येऊन बगितलंय. बराबर दारात येतूया." तो हे असं सांगत होता जसं एखाद्यानं घरी नवा पंखा बसवल्याचं सांगावं. सलीमनं कासऱ्याला हात लावला. जिथं सव्वीस वर्षं आपला आवाज असायचा तिथं आता ही दोरी होती, आणि ती बांधताना वाल्मीकच्या मनात राग नव्हता, तक्रार नव्हती, फक्त सोय होती.

त्यानं पत्र काढलं. "ह्याच्याव सही कर. दुसरा मानूस परत मिळंल. साडेपाचच्या आत धाडाया पायजे."

वाल्मीकनं ते हातात घेतलं आणि सलीमच्या अपेक्षेविरुद्ध वाचायला लागला. ओठ हलवत, हळूहळू. एका जागी थांबला. "नजरचुकीनं?" त्यानं मान वर केली. "तू आनि चुकलास? तुज्या तक्त्यात येक अक्षर इकडचं तिकडं न्हाई. आरं, त्या सायबांनी काढलं आसंल, तू आपल्याव कशापायी घेतुयास?"

हीच ती जागा होती. इथं गप्प राहिलं की सही होणार होती. वाल्मीकच्या हातात पेन होतं, सदऱ्याच्या खिशातून त्यानं ते काढलंही होतं. मास्कचा पट्टा, वायसर, अर्धा आटा, सगळं जागच्या जागी बसल्यासारखं होतं, आणि त्याला फक्त मान हलवायची होती. पण वाल्मीक त्याच्या बाजूनं बोलत होता. त्याचा दोष उचलून साहेबांच्या अंगावर टाकत होता. सलीमला ते सोसलं नाही. खरं बोलण्याची हिंमत आली असं नव्हे, फक्त सोसलं नाही.

"सायबांनी न्हाई," तो म्हणाला. "त्या बाईनं इचारलं, दुसरा मानूस काय करतो. मी म्हनलो, काय न्हाई. नुसता हुबा आसतो."

पंपांचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला. वाल्मीकनं पेनाचं टोपण लावलं, खिशात ठेवलं. तो रागावेल, हात उगारील, निदान एक शिवी देईल असं सलीमला वाटत होतं, आणि तो त्याची वाट बघत होता.

"आसं म्हनलास," वाल्मीक म्हणाला.

"त्यावेळी मला..."

"न्हाई, म्हनलास त्ये म्हनलास." त्यानं पत्राची घडी घातली, होती तशीच, आणि सलीमच्या खिशात परत ठेवली. वर हलकी थाप मारली, खिसा नीट बसावा म्हणून. "ऱ्हाऊ दे. दोरी बांदलीय मी."

"वाल्या, सही कर. मला काय म्हनायचं त्ये म्हन. पर सही कर. आजच्या आज गेलं पायजे."

"सही करून कोन येनार? तू तर भूगावला. कंत्राटाचा येकादा पोरगा हुबा करत्याल हितं. त्याला माजं नाव तरी ठावं आसंल का?" तो उठला, गुडघ्यावर हात टेकून, पूर्वीपेक्षा सावकाश. मग दाराकडं जाता जाता, सलीमकडं न बघता बोलला, "त्या दिवशी मी नुसताच हुबा व्हतो म्हनायचं. मला वाटलं व्हतं, काय तरी करतूया."

त्यानं मास्क चढवला, पाना घेतला, डावा हात कासऱ्यावर ठेवला आणि आत गेला. सलीम दारात उभा राहिला. दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं, पायांना ती जागा माहीत होती. फरशीवर त्याच्या टाचांनी पडलेला एक खळगा होता, त्यात टाचा बसल्या. आतून सांधा सुटल्याचा आवाज आला, मग आटे फिरल्याचा. त्यानं हाक मारली. "वाल्या." पाना थांबला. दोन ठोके यायची वेळ आली आणि गेली. पाना पुन्हा फिरायला लागला. सलीमनं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. आत वाल्मीक आहे, ठीक आहे, काम करतोय, हे त्याला ऐकू येत होतं. गळती नव्हती, वास नव्हता. फक्त उत्तर नव्हतं. मग तो थांबला नाही. एका सुरात हाक मारत राहिला, वाल्या, ए वाल्या, माज्याकडं ये, आणि आपला आवाज त्याला जाड भिंतींवर आपटून परत येताना ऐकू येत होता. हे सगळं वीस मिनिटांचं काम. त्यानं स्वतःच तक्त्यात लिहिलेली वीस मिनिटं.

शेवटी आतला आवाज बंद झाला. अमोनियाचा बोळा फिरवून झाला असणार. कासरा हलला, ताणला, पुन्हा सैल झाला, आणि अंधारातून वाल्मीक येताना दिसला. मास्कच्या काचेआड त्याचे डोळे मिटलेले होते. एक हात कासऱ्यावर सरकवत, ताठ, न वाकता, पाऊल मोजत तो येत होता. सलीम म्हणाला, "वाल्या, हितं हाय मी." तो त्या आवाजाकडं वळला नाही. तो दोरीवरून येत होता आणि दोरी दाराच्या कडीपर्यंत जात होती, आणि कडीपाशी, दाराच्या मधोमध सलीम उभा होता. दोन पावलांवर वाल्मीक आला, डोळे तसेच मिटलेले, हात पुढं. सलीमला दारातून बाजूला व्हावं लागलं.